कापताना न तुटलेल्या पट्ट्या

सत्तारभाई,

तुम्ही गेलात त्याला आज सव्वीस दिवस झाले आणि मी अजून रडलेले नाही. कॉलेजातल्या लोकांना वाटतं, बाई मनानं घट्ट आहेत. घट्ट वगैरे काही नाही. मला तुमचा राग आलाय. इतका, की प्रयोगशाळेत तुमचं स्टूल दिसलं तरी डोक्यात तिडीक जाते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी तुमच्याबद्दल कुठं बोलतेय, मी तुमच्याशी बोलतेय. भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, तेव्हा उरलेलं अर्धं आता ऐकून घ्या.

तुमच्या कपाटातला डबा मला सापडला.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर गुलाबाची फुलं. तुमचा जुना चष्मा, कानटोपी आणि तुमच्या लेकीनं, नसीमानं दिलेली पाण्याची बाटली अकोल्याला घरी पोचवावी म्हणून मी कपाट उघडलं होतं. डबा हाताला जड लागला. आत उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काळ्या पट्ट्या होत्या, बोटाएवढ्या, प्रत्येकीच्या मधोमध जोड. प्रत्येकीला तुमच्या गिचमिड मराठी अक्षरातली चिठ्ठी: तारीख, भट्टी कितवी ते, आणि खाली एकच शब्द, ‘बद्द’. मी टेबलावर मांडून मोजल्या. एकेचाळीस भरल्या. एकीलाही टवका गेलेला नव्हता, सगळ्या धडधाकट.

आणि चार वर्षं तुम्ही मला काय सांगत आलात? “ताई, ह्या कापताना तुटल्या.”

मी खुर्चीत बसले ती तासभर उठलेच नाही. पहिला विचार काय आला सांगू? की आत्ताच्या आत्ता फोन लावावा आणि तुम्हाला चांगलं फैलावर घ्यावं. फोन हातात घेतलाही. मग आठवलं.

तुम्ही घरी कधी धड सांगितलं नाहीत की आपण अमरावतीत बसून काय करतो. भाभी समजत होत्या की तुम्ही कॉलेजात मशीन दुरुस्त करता. म्हणून हे मीच लिहून ठेवते. सिरॅमिक म्हटलं की लोकांना लोणच्याची बरणी आठवते. आपलं सिरॅमिक म्हणजे केसाहून बारीक कार्बनचे धागे आणि त्यांच्याभोवती दगडासारखं घट्ट बसवलेलं सिलिकॉन कार्बाइड. पोलाद जिथं मऊ पडून वाकतं तिथं हे ताठ उभं राहतं. पण याचा मोठा, वेड्यावाकड्या आकाराचा भाग एका दमात करता येत नाही. लहान तुकडे करून जोडावे लागतात आणि सगळं घोडं तिथंच पेंड खातं. वेल्डिंग होत नाही, कारण हे नीट वितळतच नाही. चिकटवायचं काही लावलं तर जळून जातं. बोल्ट घातला तर भोकापासून तडा जातो. म्हणून आपण दोन तुकड्यांच्या मधे कार्बनचा लेप लावायचो, कडेला सिलिकॉनचे खडे ठेवायचो आणि हवा काढून घेतलेल्या भट्टीत चौदाशे अंशांच्या वर तापवायचो. सिलिकॉन वितळून फटीत शिरतं, तिथल्या कार्बनशी एकजीव होतं आणि त्याच जातीचं सिरॅमिक तयार होतं. सगळीकडे पोचलं तर. नाही पोचलं तर सांध्यात कुठेतरी कोरडी काजळी राहते. बाहेरून पट्टी छान दिसते, पण जोड भार घेत नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते भट्टीला थंड पाणी पुरवणारी तांब्याची नळी गळायला लागली म्हणून. पुण्याहून माणूस यायला महिना लागणार होता. कोणीतरी सांगितलं, अकोल्याला एक सत्तारभाई आहेत, फ्रिजपासून जिनिंगच्या मशीनपर्यंत कशाचंही तांबं जोडून देतात. तुम्ही सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरलात, खांद्यावर रेक्झिनची पिशवी घेऊन आलात आणि अर्ध्या तासात नळी जोडून मोकळे झालात. पण जाईनात. भट्टीच्या काचेतून आत वाकून पाहत राहिलात.

“याच्यात काय शिजवता मॅडम तुमी?”

मी घाईत होते, पण सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “म्हंजे कल्हईच ना. कथील जसं भांड्यावर पयते, पसरते, तसं तुमचं ह्ये पयलं पायजे. पयत नसन तं भांडं नीट घासलं नाही समजा. पोरं हात धुतात काय?”

मला आला राग. मी डॉक्टरेट केलेली बाई, आणि हा माणूस मला हात धुवायला सांगतो. तुम्ही गेल्यावर एका विद्यार्थ्याचे हात पाहिले. खोबरेल तेलानं डोकं चोपडून तसाच पट्ट्या हाताळत होता. पुढच्या भट्टीला सगळ्यांना हातमोजे दिले आणि पहिल्यांदा निम्म्याहून जास्त जोड धरले. त्याच आठवड्यात मी तुम्हाला प्रकल्पावर घेतलं. कागदोपत्री तुम्ही ‘कुशल मदतनीस’ होतात. सोमवारी यायचं, शनिवारी अकोल्याला परत, असं सहा वर्षं चाललं. ‘मॅडम’ची ‘ताई’ कधी झाले ते कळलंच नाही.

तुमचे वडील बार्शीटाकळी आणि पातूरच्या बाजारांत भाता घेऊन फिरायचे. स्टीलची भांडी आली, कल्हईचा धंदा बसला, आणि तुम्ही गॅसचा टॉर्च हातात घेतला. हे तुम्ही डबा खाताना सांगायचात. तुमच्या भाकरीतली अर्धी मी खायची आणि माझ्या भावाच्या तिवश्याच्या बागेतली संत्री तुम्ही खायचात, बिया मोजून नीट एका कागदावर ठेवत. रमजानात तुम्ही रोजा धरून भट्टीपुढं बसायचात आणि मी ओरडायची की घरी जा, वर पंचेचाळीसचा उन्हाळा आणि आत ही भट्टी, जीव द्यायचाय का. तुम्ही म्हणायचात, “ताई, तुमी ओरडून राहिल्या म्हनून जास्त गरम लागून राहिलं.” मी हसू दाबत बाहेर जायची.

आणि तो दिवस. पहिली खरी चांगली पट्टी निघाली त्या दिवशी तुम्ही ती दोऱ्याला टांगलीत, दोऱ्याची दोन टोकं माझ्या दोन कानांत बोटांनी दाबून धरायला लावलीत आणि रुपयाच्या नाण्यानं पट्टीला हलकेच टिचकी दिलीत. देवळातल्या घंटेचा आवाज माझ्या डोक्यात भरून राहिला. एवढ्याशा काळ्या तुकड्यातून! तुम्ही लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडं पाहत होतात. “खनखनीत बोलली ना?” मी तुम्हाला धन्यवाद म्हणाले की नाही आठवत नाही. म्हणाले नसेन. आज म्हणते. माझ्या सगळ्या शिक्षणात मला कोणी इतकी सुंदर गोष्ट ऐकवली नव्हती.

पण मग त्यानंतर तुम्ही प्रत्येक पट्टी ठोकून पाहायचात, मान तिरकी करून, खणखणीत वाजते की बद्द ते ऐकत, आणि मी ते सोडून दिलं. माठ घेताना बायका ठोकून पाहतात तशी एक सवय, असं मला वाटलं. तुम्ही तिथं बसून निवड करत होतात हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. एका भट्टीत सोळा पट्ट्या लागायच्या. मोडून पाहायच्या यंत्रावर माझ्याकडं कधी तेरा यायच्या, कधी बारा. बाकीच्यांचं काय झालं? कापताना तुटल्या. मी वहीत लिहायची, ‘कापताना तुटलेले नमुने वगळले’. असं सगळेच लिहितात. करवतीच्या धक्क्यानं तुटलेली पट्टी जोडाबद्दल काही सांगत नाही, म्हणून ती धरत नाहीत. मी तेच वाक्य आपल्या शोधनिबंधात घातलं, तेच अहवालात.

डबा सापडल्यावर मी एकेचाळीसही पट्ट्या यंत्रावर लावल्या. दोन दिवस लागले. काही तर नीट भार द्यायच्या आधीच कट्कन गेल्या. एकूण एक सगळ्या कच्च्या निघाल्या. उघडलेल्या सांध्यात भिंगाखाली कोरडी काजळी दिसत होती, कुठं कोपऱ्यात, कुठं मधोमध. सत्तारभाई, एकही पट्टी तुम्ही चुकीची ठरवली नव्हती. जोड न मोडता आतलं ओळखायला लोक मोठमोठी यंत्रं विकत घेतात, आणि तुम्ही ते रुपयाच्या नाण्यानं केलंत. एवढी मोठी गोष्ट तुम्ही बिस्किटाच्या डब्यात कोंबून ठेवलीत! या एका गोष्टीवर आपण दोघांनी आणखी दहा वर्षं काम केलं असतं. मला तुमचा राग येऊ नये तर काय व्हावं?

आपण छापलं की हे जोड अमुक इतके पक्के होतात. खरं काय होतं? हे जोड अमुक इतके पक्के होतात, जर सत्तारभाईंनी आधी कच्चे बाजूला काढले असतील तर. दुसऱ्या कोणाच्या भट्टीपुढं सत्तारभाई बसलेले नसतात.

आणि दुसरा कोणीतरी वाट पाहत बसलाय. आपला निबंध वाचून एका कंपनीनं बर्नरची नळी करायचं ठरवलं, तीन तुकडे आपल्या पद्धतीनं जोडून. तुम्ही किती खूश झाला होतात! त्यांना माझ्याकडून ताकदीच्या आकड्यांचा शेवटचा, सही केलेला कागद हवा होता. ती नळी तापलेल्या भट्टीच्या तोंडाशी लागणार, तिच्यासमोर कोणीतरी उभा राहणार, तुमच्यासारखाच, पोटासाठी. त्या नळीत एखादा बद्द जोड असेल तर तो ठोकून कोण पाहणार होतं?

मी विभागप्रमुखांकडं गेले. सरांनी डब्यावर नजर टाकली आणि दार लावून घेतलं. “झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. तुमच्याशिवाय हे पाहिलं कोणी?” मी म्हटलं, मी पाहिलं ना. मग त्यांनी दुसरा उपाय काढला. “तर मग त्यांच्यावर टाका. लिहा की मदतनिसानं परस्पर निवड केली. तो माणूस काही शास्त्रज्ञ नव्हता, आणि आता त्याला काय फरक पडतो?” उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, सहा वर्षांत भट्टीच्या खोलीत दोनदा आला असेल. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. पण तुमच्यापासून काय लपवायचं, मिनिटभर मला तो उपाय बरा वाटला होता. मिनिटभर मी हिशेब केला होता की मेलेल्या माणसाला कोण विचारायला जाणार. त्याचाही राग तुमच्यावरच निघाला, कारण तुम्हीच मला त्या खुर्चीत आणून बसवलंत.

तुमचं नाव त्या निबंधावर घालायला मी याच सरांशी दोन दिवस भांडले होते. ते म्हणत होते, आभारात लिहा. मी म्हटलं, अर्धं काम यांच्या हातचं आहे, नाव माझ्या नावाशेजारी येईल. तुम्हीही आडवे आलात. “मायं नाव कायले ताई? मी तं दहावी नापास.” मी तुमच्यावरही ओरडले आणि नाव घातलं. छापून आल्यावर तुम्ही त्याचं पहिलं पान चौकटीत बसवून बैठकीत लावलंत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला नसीमा तुमचं इंग्रजीतलं नाव वाचून दाखवायची, उर्दू शाळेत शिकवणारी बाई, वर्गात शिकवल्यासारखी, बोट ठेवून. मी तुमच्या मातीला आले तेव्हा उशीर झाला होता, तुम्हाला घेऊन गेले होते. आत बायकांमध्ये बसले तर समोर ती चौकट. कोणी बाई म्हणाली, “बड़ी इज्जत कमाई भाई ने.” मी मान हलवली. तेव्हा मला डब्याचा पत्ता नव्हता.

आता निबंध मागे घ्यायचा म्हणजे तुमचं ते नाव मागे घ्यायचं. आयुष्यभर तुम्ही लोकांच्या वस्तू जोडल्यात, एकावरही तुमचं नाव नव्हतं. एका ठिकाणी होतं, आणि ते पुसायचं काम माझ्याकडं आलं.

तुम्ही मला सांगायचा प्रयत्न केला होता, हे मला आठवलं. आठवायचं नव्हतं, पण डब्यातली सगळ्यात जुनी चिठ्ठी मी माझ्या वहीशी ताडून पाहिली आणि तो दिवस समोर उभा राहिला. तुम्ही म्हणाला होतात, “ताई, एक बोलू काय? ह्या सोळाइतल्या तीन बद्द बोलून राहिल्या.” मी कसलासा फॉर्म भरत होते. मान वर न करता म्हटलं, “सत्तारभाई, तुम्ही कापून द्या. मोजायचं मी पाहते.” तुम्ही म्हणालात, “हो ताई.” संध्याकाळी मला तेरा पट्ट्या मिळाल्या.

ठीक आहे. ते माझं चुकलं. पण एकदा बोललात म्हणजे झालं? त्यानंतर चार वर्षं होती. चार वर्षांत दुसऱ्यांदा बोलायला तुमची जीभ झडली होती? छातीत दुखायचं तेही असंच गिळून बसलात. नसीमा फोनवर म्हणाली की तीन दिवसांपासून दुखत होतं आणि तुम्ही ‘गॅस झाला’ म्हणत होतात. शनिवारी माझ्यासमोर पाणी पिऊन गेलात, एक अक्षर बोलला नाहीत. बद्द जे काही असेल ते आपल्याजवळ ठेवायचं आणि पुढच्याला खणखणीत तेवढं द्यायचं, हे कुठलं शहाणपण?

निबंध मागे घ्यायला सगळ्या लेखकांची संमती लागते. एखादा लेखक हयात नसेल तर त्याच्या वारसाची सही. फॉर्मवर तशी जागाच आहे. म्हणजे भाभींपुढं जाऊन मला म्हणायचं होतं की तुमच्या नवऱ्याचं नाव काढून टाकायचंय, इथं सही करा. गेल्या गुरुवारी मी तुमच्याच पॅसेंजरनं उलटी अकोल्याला गेले. मूर्तिजापूरपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते. पुढं सोडून दिलं.

भाभींची इद्दत चालू आहे, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरातच राहायचं; त्या आतल्या खोलीत होत्या. मी डबा समोर ठेवला आणि सगळं सांगितलं, बर्नरची नळी, तिच्यासमोर उभा राहणारा माणूस, आकडे कसे खोटे पडले ते. माझ्या फॉर्म भरण्याचंही सांगितलं. नसीमा मधेच उसळली.

“तुमीच तं लावलं होतं ना नाव? आता तुमीच काढून राहिल्या? अब्बूनं चोरी केली म्हनता तुमी?”

मी चोरी म्हटलं नव्हतं, पण चार दिवस माझ्या डोक्यात तोच शब्द फिरत होता, आणि तिनं तो बरोबर उचलला. भाभी उठल्या. स्वयंपाकघरातून पितळेचं एक पातेलं घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवलं. आत कल्हईचे चट्टे होते, कुठं पांढरं, कुठं पिवळं.

“ह्ये पाहा. ह्ये सासऱ्यासंग फिरत होते तवाचं हाये. कोनाचं भांडं बिघडलं का त्याले आमच्या घरचं चांगलं देऊन टाकायचे. बिघडलेलं इथी. गिऱ्हाइकाच्या हातात खराब भांडं नाही गेलं पायजे, बस. सारी जिंदगी आमी याच्यातच रांधलं. चिंच घातली का सालन कयकते, खराब होते, म्हनून आंबट कदी केलंच नाही मी.”

त्या पातेल्याकडं पाहत राहिले मी. म्हणजे तुम्ही माझ्याशी कपट केलं नव्हतंच. मी तुमचं गिऱ्हाईक होते. सहा वर्षं शेजारी बसून अर्धी भाकरी खाल्ली आणि तुमच्या लेखी मी गिऱ्हाईकच राहिले, जिला खराब माल दाखवायचा नसतो. बाजारात जे इमान होतं तेच प्रयोगशाळेत खोटं ठरतं, हे तुम्हाला कोणी सांगायचं होतं? मी. माझं कामच ते होतं. कच्चा जोड हाच खरा निकाल असतो, तो झाकायचा नसतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मी फळ्यावर लिहून शिकवते. तुम्हाला कधी शिकवलं नाही, कारण तुम्हाला सगळं येतं असं मी धरून चालले.

नसीमानं डब्यातली एक चिठ्ठी उचलून वाचली, मग दुसरी. मग हळू आवाजात म्हणाली, “फेकल्या नाहीत पन त्याईनं. चोराले फेकता आल्या असत्या. तारीख टाकून ठेवल्या. ह्ये बी लिवा तुमी.”

मी म्हटलं, लिहीन. आणि भाभींना जे विचारायला मी खरं तर आले होते ते विचारलं. “पण मला का नाही सांगितलं त्यांनी? चार वर्षं होती.”

भाभींनी फॉर्म पुढं ओढला, नसीमानं दाखवलेल्या जागी उर्दूत सावकाश सही केली, पेन बंद केलं.

“सांगनार होते. दर आयतवारी म्हनत, उद्या ताईले सांगतो. शनवारी घरी आले का मी विचारो, सांगतलं काय? म्हनत, नाही जमलं, ताई कावल्या होत्या.” मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, “भेत होते तुमाले. काम जाईन म्हनून नाही. तुमी चिडल्या का त्याईले जेवन जात नव्हतं.”

निबंध छापणाऱ्यांना पत्र काल पाठवलं. त्यात लिहिलंय की जोड ठोकून पाहून कच्चे बाजूला ठेवले गेले, मी न पाहता ते ‘कापताना तुटले’ असं नोंदवलं, आणि ही जबाबदारी माझी. लिहिलंय की सहलेखकानं ते सगळे तारखेनिशी जपून ठेवले आणि त्याचा एकही अंदाज चुकला नाही. कंपनीला कळवलं, नळी करू नका. सर माझ्याशी बोलत नाहीत, बरंच आहे. पुढच्या महिन्यात नव्यानं भट्टी लावीन, सोळाच्या सोळा मोडीन, आकडा खाली येईल तो येऊ दे.

अकोल्याहून परत येताना गाडीतच हे लिहायला घेतलं होतं. पहिलं वाक्य लिहिलं, ‘सत्तारभाई, तुम्ही सांगितलं असतं तर मी चिडले नसते.’ बोरगाव यायच्या आत खोडलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? चिडले असते. फाइल आपटली असती, दोन वर्षांची माती केलीत म्हणाले असते, पोरांसमोर बोलले असते. तुम्ही मान खाली घालून ‘हो ताई’ म्हणाला असता आणि त्या दिवशी तुमचा डबा तसाच राहिला असता. तासाभरानं मीच चहा घेऊन आले असते. मग दुसऱ्या दिवशी आपण दोघांनी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या असत्या, बद्द इकडं, खणखणीत तिकडं, आणि पहिल्यापासून मोजायला बसलो असतो.

एवढंच झालं असतं, सत्तारभाई. याहून जास्त काही झालं नसतं.